परदेशी शाळा विचारतेय 'तुम्हाला काय हवं?' बडोदेकरांनो, काय मागू?

फळा_आणि_खडू

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारच्या बाजूच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गेली २२ वर्षं विज्ञान आणि गणित शिकवते, आठवी ते दहावी. आज एका नेमक्या प्रश्नासाठी धागा काढला आहे.

आमच्या संस्थेला जर्मनीतल्या एका शाळेकडून पत्र आलं आहे. त्यांच्याकडे सामान्य शिक्षण आणि कारखान्यातलं काम, दोन्ही शिकवतात. त्यांना भारतातल्या एका शाळेशी दीर्घ काळाचं नातं जोडायचं आहे. पुढच्या महिन्यात त्यांचे दोन शिक्षक बडोद्याला येतील. पत्रातलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं. तुमच्या विद्यार्थ्यांना कशाची गरज आहे ते तुम्ही सांगा, आम्ही आमच्याकडून ठरवून येणार नाही, असं त्यांनी लिहिलं आहे.

शाळेत लगेच बैठक झाली. एक विश्वस्त म्हणाले, संगणक मागा. दुसरे म्हणाले, आपली दहा मुलं तिकडे नेऊन आणा, वर्तमानपत्रात येईल, पुढच्या वर्षी प्रवेश वाढतील. प्रवेशांची त्यांची काळजी खरी आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आठवीच्या दोन तुकड्या होत्या, आता एक आहे आणि तीही अर्धी भरते. मला मात्र दोन्ही मागण्या पटल्या नाहीत. का पटल्या नाहीत ते तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे आले.

माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील बहुतेक मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला जातात, काही जण रिक्षा चालवतात, काहींची शेव-उसळची गाडी आहे. या मुलांना घर्षणाची व्याख्या तोंडपाठ असते. गेल्या महिन्यात मी वर्गात एक साधा स्प्रिंग-काटा नेला, विटेला दोरी बांधली आणि विचारलं, खरखरीत फरशीवर ओढताना काटा किती दाखवेल, अंदाज सांगा. चाळीस सेकंद कोणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" हुशार मुलगा आहे तो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर सांगा. एकच गोष्ट मागता येणार असेल तर काय मागावं?

शियाबाग_निवासी

बाई, संगणकच मागा. पुढची सगळी कामं संगणकावर आहेत. मुलांना कोडिंग आणि एआय आलं नाही तर दहा वर्षांनी त्यांना कोण विचारणार?

मकरपुरा_टूलरूम

बाई, मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथे, ३४ वर्षं काढून निवृत्त झालो. जर्मनांविषयी ऐकीव बोलत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्यात जर्मन यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर एक जर्मन उस्ताद आला. साठीचा माणूस, इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं. आम्ही आठ जण निवडले गेलो होतो, सगळे आयटीआय झालेले, लेथवर हात बसलेला. आम्हाला वाटलं, आता कॉम्प्युटरवाली मशीन चालवायला मिळणार. त्याने पहिल्या दिवशी आम्हा प्रत्येकाच्या हातात एक कानस आणि यू आकाराचा लोखंडी तुकडा दिला. म्हणाला, ही कड सपाट करा.

तीन आठवडे, बाई. तीन आठवडे वाइसला उभं राहून कानस घासली. दर तासाला तो यायचा, तुकड्याच्या कडेला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढा उजेड दिसला की तुकडा परत. तोंडातून शब्द नाही, नुसतं बोट दाखवायचा, इथे. आमच्यातला एक जण रागावून निघून गेला. तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी माझ्या तुकड्याखालून उजेड आला नाही. त्याने तुकडा माझ्या हातात ठेवला आणि माझ्याशी हात मिळवला. तो तुकडा आजही माझ्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे.

त्यानंतर सीएनसी, म्हणजे ती कॉम्प्युटरवाली मशीन, शिकायला आम्हाला अकरा दिवस लागले. कारण एव्हाना मशीन काय करते आहे ते हाताला कळत होतं. माप चुकलं तर पडद्याकडे बघण्याआधी कापण्याच्या आवाजावरून समजायचं.

त्या माणसाने आमच्यापैकी दोघांना शिकवायला शिकवलं आणि मग तो गेला. पुढची वीस वर्षं नव्या पोरांना आम्ही दोघांनी शिकवलं, तोच तुकडा, तीच कानस. म्हणून म्हणतो, वस्तू मागू नका, माणूस मागा. आणि तो किती दिवस राहणार ते आधी विचारा.

ग्रंथपेटी

वरच्या अण्णांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी नेमकं हेच घडलं होतं.

सयाजीराव महाराज अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन १९१३ पर्यंत इथे राहिले. महाराजांनी आपल्या राजवाड्यातली सुमारे २०,००० पुस्तकं दिली, त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. ते ग्रंथालय मांडवीजवळ आजही आहे. आत गेला असाल तर मजल्यांमधली जाड काचेची जमीन आठवत असेल. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून ती केली.

पण इमारत नंतरची. बॉर्डननी आल्या आल्या ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग काढला. इथल्याच माणसांना पुस्तकांचं वर्गीकरण, तालिका, वाचकाशी वागणं हे सगळं शिकवलं. लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची फिरती ग्रंथालयं सुरू झाली. १९१२ साली 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांत. बाहेरून आलेलं ज्ञान गावातल्या माणसाच्या भाषेत उतरवायचं, हे त्यांनी पहिल्याच दोन वर्षांत केलं. बॉर्डन गेल्यावर काम थांबलं नाही. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या माणसांनी ते खेड्यापाड्यांत नेलं.

आणि ही पेरणी कोरड्या जमिनीवर झाली नव्हती. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला होता, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला, तरी ते फेटाळलं गेलं. वाचता येणारी माणसं तयार झाली होती म्हणून पेट्यांमधली पुस्तकं उघडली गेली. बाई, तुमच्या विटेच्या गोष्टीत मला हाच मुद्दा दिसतो. आधी जमीन, मग बी.

विश्वामित्री_काठची

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशी शिक्षण म्हटलं की आमच्या घरात आता कोणी हसत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मोठ्या भावाला एका एजंटाने परदेशातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळवून दिला. फलक मोठा, कार्यालय चकचकीत, बाबांनी घर गहाण ठेवलं. दादा तिथे पोहोचल्यावर कळलं की कॉलेज म्हणजे दुकानांच्या वरचे दोन मजले. जो अभ्यासक्रम सांगितला होता त्याचं नावच वेगळं, आणि ते करून तिथे कामाचा परवाना मिळत नाही. दीड वर्षाने तो परत आला. आई अजून त्याच्यासमोर त्या गावाचं नाव काढत नाही. एजंट त्याच इमारतीत आहे, फक्त फलकाचा रंग बदलला आहे.

म्हणून मला वाटतं, बाईंनी त्या जर्मन शिक्षकांकडे एक गोष्ट नक्की मागावी. खरी माहिती, मराठीत आणि गुजरातीत, थेट शाळेकडून. मी स्वतः जर्मनीचं पाहते आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सत्राची वर्गणी असते. भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. ब्लॉक खात्यात, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. डीएएडी या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्या कळायला एजंट लागत नाही. हे सगळं खुलं आहे. ते वाचायला दादाला कोणी बसवलं असतं तर आमचं घर आमचं राहिलं असतं.

फळा_आणि_खडू

बाळ, तुझा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. तू म्हणतेस ते मी टिपून घेतलं आहे. एक शनिवार आमच्या शाळेत येशील का? दहावीच्या पालकांसमोर एवढंच बोल, जसं इथे लिहिलंस तसं. व्यक्तिगत संदेश पाठवते.

अण्णा, तुम्हालाही विनंती करणार आहे, पण आधी सगळे प्रतिसाद वाचून घेते.

मापदंड

मी शिक्षण खात्यात होते, आता निवृत्त आहे. सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून थोडं वेगळं मांडते.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की पहिली येते ती तुलना. पिसा चाचणी आठवा. १५ वर्षांच्या मुलांची, पाठांतर बाजूला ठेवून वापर तपासणारी. आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांनी ती दिली, २००९ च्या फेरीत, आणि ७४ जणांमध्ये तळाला आले, खाली फक्त किर्गिझस्तान. मग देश त्या चाचणीतून बाहेर पडला. प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नाहीत, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य होतं. ज्या मुलाने कधी वेंडिंग मशीन पाहिलं नाही त्याला त्यावरचा प्रश्न घातला तर तो अडखळणार.

पण आतली गोष्टही मला माहीत आहे. मी अनेक शाळांच्या उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत. आपल्या जगातला प्रश्न दिला तरी मूल अडखळतं. रिक्षाच्या मीटरवर घाला, भाजीच्या भावावर घाला, पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा वाक्य बदललं की हात थांबतो. बाईंच्या विटेला वेंडिंग मशीनचं निमित्त नाही सांगता येत. २०२२ च्या फेरीत सिंगापूरला गणितात ५७५ गुण मिळाले, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी ४७२. आपण आरशात पाहायचं सोडलं, चेहरा तोच राहिला.

आणि दुसरं. सहकार्याचे मोठे प्रकल्प मी जवळून पाहिले. जागतिक बँकेचा स्टार्स प्रकल्प २०२० मध्ये मंजूर झाला, ५० कोटी डॉलरचा, सहा राज्यांसाठी, त्यात आपला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशही. अशा प्रकल्पांचा हेतू चांगला असतो. पण वरून खाली येता येता शिक्षकाच्या हातात काय पडतं? एक मोबाइल अॅप, एक माहितीचा तक्ता, आणि तो भरायची तारीख. मी स्वतः असे तक्ते पाठवले आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. शिक्षिकेचा तास खाऊन तिला आधुनिक कसं करणार?

बाई, तुम्ही मागाल ते तुमच्या तासाच्या आत बसलं पाहिजे. तासाच्या बाहेरचं काही घेऊ नका.

इंदूर_राजवाडा

इंदूरहून. बडोदेकरांच्या धाग्यात पाऊल टाकतो, आपलंच माणूस समजा.

आमच्याकडे सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम आहे, जर्मन सरकारच्या मदतीने उभी राहिलेली, आपल्या लघुउद्योग मंत्रालयाची. माझा पुतण्या तिथून डाय-मोल्डचा डिप्लोमा करून निघाला. तिथली मशीनं बघण्यासारखी आहेत, पण त्याला नोकरी मिळाली ती अण्णांनी सांगितलेल्या कारणामुळे, हात आणि डोळा. भोपाळला संत शिरोमणी रविदास ग्लोबल स्किल्स पार्क झालं, त्यात सिंगापूरच्या आयटीई संस्थेची मदत आणि आशियाई विकास बँकेचं १५ कोटी डॉलरचं कर्ज. सिंगापूरवाल्यांकडून शिकण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे ते आधी शिक्षक घडवतात. इमारत सगळ्यांना दिसते, शिक्षक कसा घडला ते कोणी बघायला जात नाही.

एक प्रश्न. बडोद्यात आता विमानं बनणार ना? तिथे तुमच्या मुलांना जागा आहे का?

मकरपुरा_टूलरूम

इंदूरकर, बरोबर विचारलंत.

२८ ऑक्टोबर २०२४ ला आपले पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान सांचेझ इथे होते, सी-२९५ विमानाच्या कारखान्यासाठी. ५६ विमानांपैकी पहिली १६ स्पेनमधून आणि ४० इथे. सावलीला मेट्रोचे डबे बनतात, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या गाड्या तिथून गेल्या. लालबागला गतिशक्ती विद्यापीठ आहे, रेल्वेचं होतं ते २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं, एअरबसशी त्याचा करार आहे. म्हणजे जग आपल्या दाराशी आलं आहे, व्हिसा न काढता.

आणि दारातून आत जायला काय लागतं? विमानाच्या पत्र्याला भोक पाडायचं असेल तर ते काटकोनात पडलं पाहिजे. रिवेट बसवल्यावर बोट फिरवून कळलं पाहिजे की डोकं वर आहे की खाली. नोंदवहीत आपली चूक आपल्या हाताने लिहिता आली पाहिजे, सही करून. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. आमच्या पोरांना लहानपणापासून चूक लपवायला शिकवलंय, कारण चुकीला मार्क कापतात. जर्मन उस्तादाकडे चुकलेल्या तुकड्यांची वेगळी पेटी होती. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी, काय चुकलं आणि का. नवीन पोरगा आला की आधी ती पेटी दाखवायचा.

नेकरच्या_तीरावर

स्टुटगार्टहून. माहेर बाबाजीपुऱ्यातलं. मध्यवर्ती ग्रंथालयातली ती काचेची जमीन वाचली आणि एकदम लहानपणात गेले, आजोबांचं बोट धरून त्या जमिनीवर चालायला मी घाबरायचे.

माझा मुलगा इथे दहावीनंतर मेकॅट्रॉनिक्सच्या (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) आउसबिल्डुंगला, म्हणजे कामातून शिकायच्या प्रशिक्षणाला, गेला. शेजाऱ्यांना वाटलं, भारतीय आईने मुलाला विद्यापीठात का नाही घातलं. मलाही सहा महिने वाईट वाटलं, लपवत नाही. इथे असे ३०० हून अधिक व्यवसाय आहेत. मुलगा कंपनीशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, साडेतीन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. परीक्षा उद्योग मंडळ घेतं, शाळा किंवा कंपनी घेत नाही, त्यामुळे प्रमाणपत्राला देशभर सारखी किंमत.

हो अण्णा, त्यालाही पहिल्यांदा कानस दिली. तीच यू आकाराची लोखंडी पट्टी! घरी आला तेव्हा तळहाताला फोड आले होते. तुमची गोष्ट मी त्याला भाषांतर करून सांगितली, तो म्हणाला, त्या आजोबांना सांग, माझ्या पट्टीतून अजून उजेड येतो.

बाई, एक सावधगिरी. ही व्यवस्था जशीच्या तशी उचलून बडोद्यात ठेवता येणार नाही. इथल्या कंपन्या पोरांना शिकवण्यावर पैसा घालतात, कारण शंभर वर्षांहून जुनी सवय आहे आणि मंडळांचा दट्ट्या आहे. आपल्याकडे अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे, पण कितीतरी ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हात, झाडू मारणारा. आधी एका कारखान्याला एका शाळेशी बांधा. तिथल्या एका उस्तादाचं नाव ठरवा. तेवढं झालं तरी पुष्कळ.

आणखी एक. जर्मन मुलांचंही इंग्रजी दुसरी भाषा आहे. तुमची मुलं इंग्रजीला बिचकत असतील तर त्यांना हे आधी सांगा. समोरचाही अडखळतो हे कळलं की जीभ सुटते.

ग्रंथपेटी

एक गोष्ट राहून गेली, आणि ती सांगितल्याशिवाय बडोद्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाची गोष्ट खोटी ठरेल.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने एका तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. शिष्यवृत्ती अशी असावी, पाठवतानाच परतीची जागा ठरवलेली.

१९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला आले. या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. कार्यालयात शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत.

जगातलं उत्तमातलं उत्तम शिक्षण घेतलेला माणूस दारात उभा होता. संस्थानाने पाठवलं आणि गावाने घालवलं. बाई, तुमच्या वर्गातली कुठली मुलं त्या दहा जणांत निवडली जातील, आणि कुठली मुलं आधीच गळतील? जे मागाल ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असंच मागा.

फळा_आणि_खडू

यावर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही.

आमच्या शाळेतून त्या बागेपर्यंत चालत जाता येतं. दरवर्षी सहल नेतो, पुतळा दाखवतो, मुलं हार घालतात. पण आंबेडकर इथे शिकण्याचं फळ घेऊन आले होते आणि आपण ते घेतलं नाही, असं मी वर्गात कधी सांगितलं नाही. सोमवारी सांगितलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग आता कोणी आलं तर आपण ठेवून घेऊ ना, बाई?" मी हो म्हणाले.

मापदंड

बाई, एक व्यवहाराची सूचना. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत, गावातल्या कारागिराबरोबर, सुतार, कुंभार, माळी वगैरे. बहुतेक शाळा ते दिवस चित्रकला आणि सहलीत घालवतात. तुम्ही ते दहा दिवस अण्णांना द्या. नियमात बसतं, परवानगी लागणार नाही, तास बुडत नाही.

विश्वामित्री_काठची

मी पण येते त्या दहा दिवसांत. माझ्या कॉलेजातून वर्नियर कॅलिपर आणू शकते, जुने पण चांगले आहेत, सहा.

मकरपुरा_टूलरूम

कानशी मी आणतो. सहावीच्या पोरांना लोखंड नको, आधी लाकूड, मग अॅल्युमिनियम. चष्मे लागतील, डोळ्यांसाठी. ते मात्र शाळेने घ्यावेत. मुलीही येऊ देत, वेगळं शिवणकाम वगैरे ठेवू नका.

इंदूर_राजवाडा

पुतण्याला विचारतो, चुकलेल्या तुकड्यांची पेटी त्यांच्याकडेही आहे का ते.

फळा_आणि_खडू

मंडळी, उशिरा लिहिते आहे. पाहुणे येऊन गेले.

दोघंजण होते, एक विज्ञान शिकवणाऱ्या बाई आणि एक कार्यशाळेचे उस्ताद. विश्वस्तांनी संगणक आणि सहलीचा विषय काढला, तो त्यांचा अधिकार आहे. मग मला बोलायला सांगितलं. मी वीट आणि स्प्रिंग-काटा घेऊन गेले होते. वर्गात जे घडलं ते सांगितलं आणि म्हणाले, आम्हाला एक शिक्षक हवा आहे जो इथे राहून आमच्या शिक्षकांबरोबर एक पूर्ण सत्र शिकवेल, आणि जाताना आमच्यातले दोघं तयार करून जाईल. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सत्रभर कोणाला पाठवणं त्यांना या वर्षी शक्य नाही. त्यांनी सहा आठवडे देऊ केले, दिवाळीनंतर, कार्यशाळेचे उस्ताद स्वतः येतील. मी जरा निराश झाले, खोटं कशाला बोलू. अण्णा शेजारी बसले होते, ते हळूच म्हणाले, "तीन आठवड्यांत माझा उजेड थांबला होता."

अण्णांनी देव्हाऱ्याखालचा तुकडा खिशातून काढून उस्तादांसमोर ठेवला. त्यांनी तो खिडकीकडे नेला, खिशातला गुण्या काढला आणि उजेडासमोर धरला. बराच वेळ धरून उभे होते. मग अण्णांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, अण्णांना कळलं नाही आणि भाषांतर करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

उस्ताद येईपर्यंतचं काम पाऊस मोजायचं. ग्लोब नावाचा कार्यक्रम आहे, १९९५ पासूनचा, जगभरातल्या शाळा हवा-पाणी मोजून नोंदी एका ठिकाणी घालतात, भारत २००० मध्ये त्यात आला. त्यांची शाळा त्यात आहे, आता आमचीही. नोंद सूर्य माथ्यावर असताना घ्यायची असते. मुलांनी काठीची सावली मोजून शोधलं की बडोद्यात ती वेळ घड्याळाच्या बाराला येत नाही, साडेबाराच्या पुढे जाते. का, यावर पूर्ण तास गेला आणि रेखांश कोणालाही पाठ करावे लागले नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली होती, आमच्या निम्म्या मुलांच्या घरात पाणी होतं. पाऊस मोजायचा म्हटल्यावर एकाही मुलाने कशासाठी असं विचारलं नाही.

पर्जन्यमापक गच्चीवर बसवलं आहे. पहिल्या आठवड्याच्या नोंदवहीत बुधवारची नोंद खोडलेली आहे आणि शेजारी त्याच विटेच्या मुलाच्या अक्षरात लिहिलं आहे: "मी नळी वाकडी धरली होती. परत मोजलं." खाली सही.

बिनदप्तराचे दिवस नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. चष्म्यांचे पैसे शाळेने मंजूर केले, पन्नास नग. ज्यांना यायचं आहे त्यांनी व्यक्तिगत संदेशात कळवा, सकाळी साडेसातला कार्यशाळा उघडते.